मुंबई गिरणी मालक संघ

मुंबई गिरणी मालक संघ (रूढ नाव बाँबे मिलओनर्स असोसिएशन) ही मुंबईतील कापडगिरण्यांच्या मालकांनी इ.स. १८७५ मध्ये स्थापन केलेली संघटना होय. गिरण्यांची बाजू सरकारपुढे मांडणे हे तिचे मूळ कार्य. पुढे मजुरी, बोनस आणि महागाई भत्ता यांविषयीचे शहरातील बहुतेक मोठे तंटे मालकांच्या वतीने याच संघाच्या नावे लढले गेले. अहमदाबादच्या गिरणी मालकांची संघटना (स्थापना १८९१) निराळी आहे. ल कॉर्ब्यूजिए यांनी आराखडा केलेली प्रसिद्ध इमारत त्या संघटनेची आहे, मुंबईच्या संघाची नव्हे.

स्थापनेची पार्श्वभूमी

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील वीस वर्षांत मुंबईचे सूत आणि कापड लँकेशायरच्या डोळ्यांत खुपू लागले. विलायती कापडावरील आयात जकात उठवावी आणि हिंदी गिरण्यांना कारखान्यांचा कायदा लागू करावा, अशा दोन मागण्या तेथील कारखानदारांनी लावून धरल्या. मुंबई सरकारने १८७५ मध्ये गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याच वर्षी मालक एकत्र आले. लँकेशायरला मजुरांपेक्षा स्वतःच्या बाजारपेठेचा कळवळा अधिक आहे, हा मालकांचा आरोप खोटा नव्हता. परंतु त्यामुळे गिरण्यांत कोवळी मुले राबत होती, हे वास्तवही खोटे ठरत नाही. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मुंबईतच कामगार संरक्षणाच्या विधेयकाचा मसुदा तयार केला होता. अर्थात ही मागणी केवळ मँचेस्टरची नव्हती. १८८१ च्या पहिल्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी कामाची मर्यादा नऊ तास ठेवली. प्रौढांच्या तासांना मात्र त्याने हात लावला नाही.

रविवारची सुटी

‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास भरपाई, या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. सुटीची मागणी संघाने मान्य केली ती १० जून १८९० रोजी. आज सर्वांनाच स्वाभाविक वाटणारा रविवार मुंबईच्या गिरण्यांत असा मिळवावा लागला.

अबकारी कर आणि १९२५ चा संप

देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी कर होता. तो रद्द करवून घेणे हे संघाचे दीर्घकालीन राजकारण होते आणि त्यात राष्ट्रीय पुढाऱ्यांचाही त्याला पाठिंबा होता. १९२५ मध्ये मंदीचे कारण देऊन संघाने मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि कर उठला तर कपात मागे घेऊ, असे सांगितले. सप्टेंबरमध्ये संप सुरू झाला. डिसेंबरच्या आरंभी सरकारने कर तहकूब केला आणि कपातही रद्द झाली. मालकांची तीस वर्षांची मागणी अशा रीतीने मजुरांच्या अडीच महिन्यांच्या उपासमारीतून पूर्ण झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. आदल्याच वर्षी, १९२४ मध्ये, बोनस बंद केल्यावरून झालेला संप मात्र मजूर हरले होते. बोनस हा कामगारांचा हक्क नाही, असा निर्वाळा तेव्हा न्यायमूर्ती मॅक्लिऑड यांच्या समितीने दिला होता.

अंतर्गत बेबनाव

सरकारपुढे एका सुरात बोलणाऱ्या या संघाला स्वतःच्या सभासदांवर तेवढा ताबा ठेवता आला नाही. एकाच कामाची मजुरी प्रत्येक गिरणीत निराळी असे, आणि कामगाराची भरती, बढती व हकालपट्टी जॉबरच्या मर्जीवर चाले. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, यांसारख्या योजनांमुळे १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले. फॉसेट समितीपुढे समान दरांची कोष्टके मांडली गेली, परंतु १९२९ च्या संपानंतर ती कागदावरच राहिली. जॉबरचा अधिकार कमी करण्यासाठी १९३५ मध्ये संघाने बदली कार्डांची पद्धत आणली. दरमहा ठराविक लोकांना कार्डे द्यावयाची आणि रोज सकाळी रिकाम्या जागांवर त्यांतूनच माणसे घ्यावयाची, असा तो क्रम होता. जॉबरचे प्रस्थ त्याने काहीसे उतरले असेल, पण ‘बदली’ हाच कित्येकांचा कायमचा हुद्दा होऊन बसला.

याच काळात अध्यक्ष होमी मोदी यांनी लँकेशायरच्या शिष्टमंडळाशी केलेला मोदी–लीस करार (१९३३) बराच गाजला. अहमदाबादच्या मालकांनी त्यास विरोध केला.

कायद्याच्या चौकटीत

समान वेतनाचा प्रश्न अखेर १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने सोडविला. सव्वीस दिवसांच्या कामास किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले. बोनसच्या बाबतीत संघाचे नाव कायदेशास्त्रात कायम झाले ते १९५० मधील राष्ट्रीय मिल मजदूर संघाविरुद्धच्या खटल्यामुळे. घसारा, यंत्रसामग्रीचे नूतनीकरण, प्राप्तिकर आणि भांडवलावरील परतावा वजा करून उरणाऱ्या नफ्यात कामगारांचा वाटा आहे, हे अपील न्यायाधिकरणाचे सूत्र १९६५ चा बोनस कायदा येईपर्यंत देशभर वापरले गेले.

१९८२ चा संप

मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मान्य असे आणि गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तेव्हा मालक संघाने याच तरतुदीवर बोट ठेवून सामंतांशी बोलणी नाकारली. कायद्याच्या दृष्टीने ही भूमिका अचूक होती. परंतु गिरणगावाने मान्यताप्राप्त संघटनेकडे पाठ फिरवली आहे हे उघड दिसत असताना तिच्याखेरीज कोणाशीच बोलायचे नाही, म्हणजे कोंडी फोडावयाची नाही असेच ठरले. संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. उरलेल्यांपैकी बहुतेक हळूहळू बंद पडल्या आणि सुताऐवजी जमिनीचा भाव हा त्यांचा विषय झाला.

संशोधन व अभिलेख

घाटकोपर येथील बाँबे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन ही संशोधन संस्था (१९५४) मुंबईच्या गिरणी उद्योगातूनच उभी राहिली. संघाचे छापील वार्षिक अहवाल हे कापड उद्योगाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन असून त्यांत गिरणीवार चात्या, माग, कामगारसंख्या आणि कापसाचा खप नोंदलेला आढळतो.