ठिपके गेले तरी रोग टाकीतच

गोड्या पाण्याच्या फिश टँकमधील माशांच्या अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके दिसू लागले, की बहुतेक वेळा कारण एकच असते: इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस हा एकपेशीय परजीवी. मासे पाळणाऱ्यांमध्ये तो ‘इक’ या आखूड नावाने ओळखला जातो. त्याचे शास्त्रीय वर्णन १८७६ मध्ये झाले. तो जवळपास कोणत्याही गोड्या पाण्यातील माशाला होतो. क्लाउन लोचसारख्या बारीक खवल्यांच्या माशांना तर फारच लवकर. वेळीच ओळखला तर तो बरा होतो. तरीही टाक्याच्या टाक्या त्याने रिकाम्या होतात, कारण उपचार केला जातो तो माशावरच्या ठिपक्यांवर, आणि औषधाचा मारा लागू पडतो तो पाण्यात.

प्रत्येक ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसलेला एक जीव. तिथे तो स्वतःभोवती सतत गरगरत पेशी खातो आणि एक मिलिमीटरपर्यंत वाढतो. ठिपक्याचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर अंगभर हलणारे बारीक केस आणि घोड्याच्या नालेसारखे वळलेले केंद्रक दिसते. हे केंद्रक दिसले की निदानात शंका उरत नाही. या अवस्थेत माशाचीच त्वचा त्याचे रक्षण करते. पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

पोट भरलेला परजीवी मासा सोडतो, काही तास पोहतो आणि खडीला, काचेला किंवा पाणवनस्पतीच्या पानाला चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो. कवचाच्या आत तो विभागत जातो: एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्ले. कवच फुटते आणि ही पिल्ले मासा शोधत सुटतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. मीठ असो वा बाटलीतले औषध, ते प्रामुख्याने मारते ते या उघड्यावर पोहणाऱ्या पिल्लांना.

या सगळ्या चक्राचा वेग पाण्याचे तापमान ठरवते. २४ ते २६ अंश सेल्सिअसला ते तीन ते सहा दिवसांत पूर्ण होते, १५ अंशांना दहा दिवसांच्या आसपास, आणि १० अंशांना महिन्याहून अधिक काळ लागू शकतो. ठिपके औषधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाहीसे झाले तर तो बहुधा औषधाचा गुण नसतो. परजीवी आपणहून खडीत उतरलेले असतात. उपचार थांबवण्याची सगळ्यात वाईट वेळ हीच. आठवड्याभरात ठिपके परत येतात, आणि या वेळी कितीतरी पटींनी.

ठिपके दिसण्याआधीची लक्षणे जास्त मोलाची असतात. मासा खडीला किंवा लाकडाला अंग घासतो, पर मिटून घेतो, खाणे टाळतो. कल्ल्यांवर लागण झाली असेल तर तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. अंगावर एकही ठिपका नसताना मासा दगावतो तो यामुळेच. उलट, नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर विणीच्या काळात येणारे पांढरे कण हा रोग नव्हे. सोनेरी धुळीसारखा थर दिसला तर तो वेगळाच परजीवी.

उपचाराची सुरुवात पाणी मोजण्यापासून होते, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत हिशेबाने ५६ लिटर पाणी बसते. पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात ४५ लिटरच असते. औषध ५६ लिटरच्या हिशेबाने घातले तर डोस सुमारे पाव हिस्सा जास्त होतो.

घरच्या टाकीसाठी ऊब आणि मीठ हा पहिला मार्ग. हीटरने तापमान दिवसाला एक-दोन अंश या गतीने २८ ते ३० अंशांपर्यंत नेले की परजीवी लवकर मासा सोडतो, आणि ३० अंशांच्या वर त्याच्या बहुतेक वाणांची वाढ खुंटते. मात्र ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. कल्ले आधीच जखमी असल्याने एअर पंप अखंड चालू हवा. गोल्डफिशला इतकी उष्णता मानवत नाही. त्याच्यासाठी मिठावरच भर द्यावा.

खडे मीठ लिटरमागे एक ते तीन ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत घालावे. त्याचा दुहेरी फायदा होतो. पिल्ले तर मरतातच. शिवाय जखमी त्वचेतून माशाच्या अंगातले क्षार बाहेर झिरपत असतात आणि पाणी आत घुसत असते, तो ताण मिठामुळे हलका होतो. काही पाणवनस्पतींना मात्र ते सोसत नाही.

मॅलेकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन यांचे मिश्रण प्रभावी, पण जहाल. मॅलेकाइट ग्रीन खाण्याच्या माशांसाठी अमेरिकेत आणि युरोपात वापरता येत नाही; हातमोजे घालूनच ते हाताळावे. लोच आणि कॅटफिश यांना निम्मा डोस देण्याची पद्धत आहे. फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू घटवते, आणि बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते वापरूच नये. तांब्याची औषधे गोगलगायी आणि कोळंबीचा जीव घेतात. औषध देताना फिल्टरमधला कार्बन काढावा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. प्रतिजैविकांचा या परजीवीवर काहीही परिणाम होत नाही.

औषधाइतकेच काम सायफनची नळी करते. खडीचा तळ एक दिवसाआड उपसून पाव हिस्सा पाणी बदलले की कवचातले परजीवी बाहेर जातात. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट असावे. शेवटचा ठिपका गेल्यानंतरही आठवडाभर हा क्रम चालू ठेवावा. मासे मोजकेच असतील तर आठवडाभर त्यांना दररोज स्वच्छ टाकीत हलवणे हा औषधाविना उपाय आहे. गळून पडलेले परजीवी मागच्या टाकीत राहतात.

बरे झालेले मासे काही महिने या परजीवीला दाद देत नाहीत, पण थोडे परजीवी बाळगून असू शकतात. म्हणून जुने मासे ठणठणीत आणि नवा मासा ठिपक्यांनी भरलेला, असे घडते आणि दोष दुकानदाराच्या माथी जातो. अचानक गारठा हेही निमित्त होते. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर नसलेल्या टाकीचे पाणी झपाट्याने उतरते आणि माशांची प्रतिकारशक्ती मंदावते. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीसह ठेवावा आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. नव्या पाणवनस्पतीही २५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात माशांविना आठवडाभर ठेवाव्यात. पानांना चिकटलेली कवचे तेवढ्यात फुटतात आणि पिल्लांना मासा मिळत नाही.