खामगावची ढेप आणि इंटरनेटचा कायदा

समजा, चांदूर बाजारात बसून मोबाईलवर परदेशी कंपनीकडून एखादी वस्तू मागवली. पैसे गेले, वस्तू काही आली नाही. आता दावा लावायचा कुठे? त्याआधी विचारावं लागतं, सौदा नेमका झाला कुठे?

हा प्रश्न इंटरनेटपेक्षा जुना आहे आणि त्यावरचा एक महत्त्वाचा खटला आपल्या वऱ्हाडातला आहे. 1959 मध्ये अहमदाबादची एक पेढी आणि खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी यांच्यात सरकीच्या ढेपेचा सौदा फोनवर ठरला. ढेप मिळाली नाही म्हणून पेढीने अहमदाबादेत दावा लावला. केडियांचं म्हणणं असं की, होकार आम्ही खामगावातून दिला, म्हणून करार खामगावचा.

टपालाने व्यवहार असेल तर होकाराचं पत्र पेटीत टाकलं की समोरचा बांधला जातो. पण फोनवर माणसं जणू समोरासमोरच असतात. म्हणून होकार जिथे ऐकू येतो, तिथे करार होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये बहुमताने ठरवलं. अहमदाबादचा दावा टिकला. न्या. हिदायतुल्ला यांचं मत मात्र वेगळं पडलं. 1872 च्या करार कायद्याचे शब्द पाहता करार खामगावातच झाला, असं त्यांनी लिहिलं. संशोधन करणाऱ्याने हे अल्पमत जरूर वाचावं. कायद्याचे जुने शब्द नव्या यंत्राला कुठे अपुरे पडतात, ते तिथे स्पष्ट दिसतं.

आता इंटरनेटकडे येऊ. दिल्लीत कार्यालय नसलेल्या वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट या अमेरिकी कंपनीने मुंबईच्या रेश्मा कलेक्शनवर दिल्लीत दावा लावला. आम्ही वेबसाइटवरून दिल्लीतल्या ग्राहकांना माल विकतो, म्हणजे आमचा व्यवसाय दिल्लीतही चालतो, हा तिचा मुद्दा. 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो मान्य केला. कारण ग्राहक दिल्लीतून मागणी नोंदवतो आणि कंपनीचा होकार त्याला त्याच क्षणी दिल्लीतच मिळतो. आधाराला होता तोच ढेपेचा निकाल!

ग्राहकासाठी तर वाट आणखी सोपी झाली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्याला अमरावतीत, तक्रार करता येते. भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही 2020 चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं हे नियम सांगतात.

पण खरी गोम पुढेच आहे. कंपनीची भारतात मालमत्ताच नसेल, तर अमरावतीचा आदेश तिकडे आपोआप चालत नाही. त्या देशाच्या कायद्याने तो मानला, तरच पैसे हाती येतात. म्हणून या विषयात तीन प्रश्न कायम वेगळे ठेवा: दावा कुठे चालेल, कायदा कुठला लागेल आणि निकालाची अंमलबजावणी कोण करेल? पहिल्यावर निकाल भरपूर सापडतील. ग्राहकाचं घोडं बहुतेकदा अडतं ते तिसऱ्यावर. संशोधनाचा विषय शोधत असाल, तर तिथेच शोधा.