सक्शन लाइनला घाम का फुटतो?

मागच्या भागात आपण कॅपिलरी पाहिली. आज तिच्या शेजारणीकडे, म्हणजे सक्शन लाइनकडे वळू.

काही वर्षांपूर्वी मी एका घरच्या फ्रिजची तुंबलेली कॅपिलरी बदलली. लांबी मोजली, जोड पक्के केले, गॅस वजन करून भरला. पंधरा दिवसांनी घरच्या काकूंचा फोन आला, "दादा, बर्फ धरत नाही, मशीन बंदच होत नाही आणि मागे पाणी गळतंय." जाऊन पाहिलं, तर सक्शन लाइनला कॉम्प्रेसरपर्यंत घाम. गॅस जास्त झाला तरी असं होतं. पण इथे चूक वेगळी होती, आणि माझीच होती. जुनी कॅपिलरी सक्शन लाइनला डाख देऊन चिकटवलेली होती. नवी मी मोकळीच सोडली होती.

तो डाख नुसता आधारासाठी नसतो. कॉइलमधून परतणारा गॅस थंड असतो, कंडेन्सरकडून येणारा द्रव गरम. नळ्या चिकटलेल्या असल्या की गॅस द्रवाला निववतो. मग द्रवाची वाटेत कमी वाफ होते आणि कॉइलमध्ये दर किलोमागे जास्त उष्णता शोषली जाते. नाहीतर तो गारवा फ्रिजच्या मागे वाया जातो. शिवाय उरलासुरला द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरायच्या आत वाफ होऊन जातो.

पण याची किंमतही आहे. तापलेला गॅस विरळ होतो, त्यामुळे कॉम्प्रेसर प्रत्येक फेरीत कमी वजनाचा गॅस ओढतो आणि स्वतःही जास्त तापतो. नफा की तोटा, हे गॅसवर ठरतं. आर-१३४ए आणि आर-६००ए मध्ये नफा होतो. आर-२२ मध्ये जवळजवळ बरोबरी. अमोनियात तोटा, कारण तो दाबल्यावर आधीच फार तापतो. म्हणून घरच्या फ्रिजची ही युक्ती अमोनियाच्या शीतगृहात नेऊ नका.

कॅपिलरी बदलताना जुना जोड किती लांब होता ते मोजा आणि नवी तेवढ्याच लांबीत चिकटवा. दोन्ही प्रवाह उलट दिशांनी जाऊ द्या. डाख देणं जमत नसेल, तर नळ्या घट्ट भिडवून ॲल्युमिनियम टेप गुंडाळा. वरून इन्सुलेशन चढवा. आर-६००ए पेट घेतो, तेव्हा गॅस भरलेला असताना ज्योत जवळ नेऊ नका.

काकूंचं काम मी पैसे न घेता पुन्हा केलं. घाम थांबला, मशीन मधूनमधून बंद होऊ लागलं. पुढच्या भागात गॅस वजन करून कसा भरायचा, ते पाहू.