नाइस म्हणजे नादान! विश्रामबागेतून इंग्रजी शब्दांची धमाल राइड

तुमच्या डीपीखाली कुणी 'नाइस' लिहिलं की लगेच हार्ट पाठवता ना? जरा थांबा! तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये 'नाइस' म्हणजे अडाणी, खुळा. लॅटिनमध्ये 'नेस्कियस' म्हणजे ज्याला काही ठाऊक नाही तो. 'नाइस' हा त्याचाच नातू.

आणि 'सिली'? ती त्या काळात चक्क कौतुकाची पावती होती. सिली म्हणजे सुखी, देवाची कृपा लाभलेला. मग अर्थ झाला निष्पाप, मग बिचारा, मग भोळा आणि शेवटी बावळट. एक शब्द लिफ्टनं वर गेला, दुसरा घसरगुंडीवरून खाली आला.

अशी सफर करायला सांगलीच्या विश्रामबागइतकी फिट जागा दुसरी नाही. का, माहीत आहे का? 'स्कूल' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'स्खोले' आहे आणि त्याचा अर्थ आहे निवांत वेळ. म्हणजेच विश्राम! पोटापाण्याच्या धावपळीतून सवड मिळाली की माणूस बोलतो, वाद घालतो, शिकतो. १९१९ चं विलिंग्डन कॉलेज विश्रामबागेत, १९४७ चं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजही विश्रामबागेत. ग्रीकांनी पत्ता बघितला असता तर म्हणाले असते, बरोब्बर!

वालचंदच्या पोरांनो, ही खास तुमच्यासाठी. 'इंजिन' म्हणजे आधी यंत्र नव्हतंच, ते होतं डोकं! लॅटिन 'इंगेनियम' म्हणजे अंगची हुशारी. मध्ययुगीन इंग्रजीत चातुर्य, युक्ती, डाव या सगळ्याला 'इंजिन' म्हणत. चौदाव्या शतकातला 'इंजिनिअर' किल्ल्यांचे तट फोडणारी युद्धयंत्रं बनवायचा. पुढे लष्कराशी संबंध नसलेले रस्ते, पूल, कालवे बांधणारी मंडळी आली. त्यांचं नाव वेगळं हवं, म्हणून 'सिव्हिल इंजिनिअर'. सिव्हिल म्हणजे इथे फक्त 'बिनलष्करी'!

कॉम्प्युटर ब्रँचला वाईट वाटायला नको. १६१३ साली 'कॉम्प्युटर' हा शब्द इंग्रजीत छापला गेला तेव्हा तो होता माणूस. आकडेमोड करणारा, हाडामांसाचा. हँग झाला तर बहुधा चहा पाजत असावेत.

आता आपल्याकडचे शब्दवेडे बघा. जेम्स मोल्सवर्थ, आला ईस्ट इंडिया कंपनीचा शिपाईगडी म्हणून आणि रमला मराठी शब्दांत. १८३१ मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि १८५७ मध्ये फुगून दुसरी आवृत्ती. लोकांनी त्याला प्रेमानं 'मोलेसरशास्त्री' करून टाकलं. त्याच्या मदतीला थॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश हे थॉमस कँडीचं काम. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुजवण्याचं श्रेयही त्यालाच देतात. आणि आडनाव? गोळीवाला 'कँडी' शब्द आपल्या खंडसाखरेच्या 'खंड'चा वंशज! आडनावाशी त्याचा संबंध नाही, पण माणसानं काम गोडच केलं.

भूक लागली? भडंग घ्या. माहीत आहे का, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत भडंग 'मीट' ठरला असता! तेव्हा 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न. मांस हा अर्थ पुढे चिकटला. जुना अर्थ 'स्वीटमीट'मध्ये अजून जिवंत आहे. पेढे शंभर टक्के व्हेज, नाव मात्र स्वीटमीट.

'डिअर'चंही तसंच. मूळ अर्थ कुठलाही प्राणी, उरला फक्त हरिण. आणि आपला 'मृग'? संस्कृतात मृग म्हणजेही आधी कुठलाही पशू! म्हणून तर सिंह 'मृगेंद्र' आणि फांद्यांवरचं माकड 'शाखामृग'. दोन भाषा, दोन खंड, आणि दोघींनी अख्खं जंगल गाळून हरणालाच धरलं. मला तर हा योगायोग वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

प्राण्यांवरून आठवलं, दंड फुगवा बरं! 'मसल' म्हणजे लॅटिनमध्ये छोटासा उंदीर. कातडीखाली काहीतरी पळतंय असं त्यांना दिसलं. आणि आपण त्याच फुगवट्याला काय म्हणतो? बेटकुळी, म्हणजे बेडकी! हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठेपिरान सांगली जिल्ह्यातलंच. १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये त्यांनी सुवर्णपदक आणलं. आमच्या बेडकीपुढे रोमचा उंदीर टिकतोय होय?

चला, मार्केट यार्ड. हळद आणि बेदाणा, सांगलीच्या दोघांनाही जीआय मानांकन. 'ग्रेप' शब्द आला फ्रेंचमधून. तिथे तो होता द्राक्षांचा घड, आणि त्याही आधी घड तोडायचा आकडा! अवजाराचं नाव फळाला लागलं. फ्रेंचमध्ये 'रेझँ' म्हणजे आजही ताजं द्राक्ष. तोच शब्द इंग्रजीत 'रेझिन' होऊन सुकला. केकमधले 'करंट' विजेचे नव्हेत, ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराचे. तासगावच्या बेदाण्यानंही असंच आपलं नाव डिक्शनरीत घुसवायला हवं, हे मी मनापासून म्हणतेय.

हळद म्हटली की हरिपूरची पेवं. जमिनीत खोल खोदलेली कोठारं, त्यात हळद महिनोन् महिने टिकायची. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार अशाच कोठारांमुळे आपल्या तोंडी आहे. आता नीट ऐका. 'मॅगझिन' म्हणजे मुळात काय, माहीत आहे का? कोठार! अरबी 'मख्झन'चं अनेकवचन 'मखाझिन', म्हणजे मालाची गोदामं. बंदुकीच्या गोळ्या साठवतात तेही मॅगझिनच. १७३१ साली लंडनच्या एडवर्ड केव्हनं 'जेंटलमन्स मॅगझिन' काढलं आणि कल्पना लढवली: हे माहितीचं कोठार! म्हणजे हळदीचं पेव आणि वाचायचं मासिक एकाच बिरादरीतले.

शेतातून जाता जाता आणखी एक. आकाशवाणी सांगली 'ब्रॉडकास्ट' करते ना? अठराव्या शतकात ब्रॉडकास्ट शेतकरी करायचा. पाभरीविना, मुठीनं बी फोकून पेरायचं, त्याला म्हणत ब्रॉडकास्ट. रेडिओनं हा शब्द १९२० च्या दशकात उचलला. बी गेलं, बातम्या आल्या.

आणि आता तिसरी घंटा! सांगलीत येऊन नाटकावर बोलायचं नाही, असं कसं चालेल? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' रंगवलं आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन झाला. त्या पडद्याला नमस्कार करून सांगते: 'एक्स्प्लोड' हा मूळचा नाटकाचा शब्द आहे! विश्वास बसत नाही ना? लॅटिन 'प्लाउदेरे' म्हणजे टाळ्या वाजवणे. त्यातून आलं 'अप्लॉज'. त्यालाच 'एक्स' लावलं की अर्थ झाला टाळ्या पिटून, हुर्यो करून नटाला स्टेजवरून हाकलणे. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनची गाजलेली डिक्शनरी आली, तिच्यातही हा हुर्योवाला अर्थ सापडतो. बॉम्ब नंतर फुटले, आधी प्रेक्षक फुटले!

'हिपोक्रिट' म्हणजे ढोंगी? ग्रीकमध्ये तो साधा नट होता, इमानेइतबारे भूमिका करणारा. 'पर्सन' म्हणजे व्यक्ती? लॅटिनमध्ये तो नटाचा मुखवटा. आज आधारकार्डावर 'पर्सन' म्हणून मिरवतो तो मूळचा मेकअप रूममधला ऐवज.

'स्टील माय थंडर' ही इडियम तर थेट नेपथ्यातून आली. १७०९ मध्ये जॉन डेनिसनं आपल्या नाटकासाठी ढगांच्या गडगडाटाची नवी करामत शोधली. नाटक लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये आपटलं. मग त्याच थिएटरात 'मॅकबेथ'ला त्याला आपलाच गडगडाट ऐकू आला! तो भडकला: माझा गडगडाट चोरला! नाटक लोक विसरले, त्याचा संताप मात्र तीनशे वर्षं हाउसफुल आहे.

मिरजेला चक्कर? दवाखान्यांचं गाव ते. जुन्या इंग्रजीत वैद्याला 'लीच' म्हणत. हो, अगदी जळूच्या नावासारखंच! 'डॉक्टर' म्हणजे होता शिक्षक. आणि 'हॉस्पिटल' म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, 'हॉटेल'ची सख्खी बहीण. बिल बघून कुणाला हे नातं आधीच कळलं असेल.

क्रिकेटवाले कुठे गेले? विजय हजारे जन्मले सांगलीत, १९१५ साली. १९५२ मध्ये मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली ती त्यांच्याच कप्तानीत. तर त्या मैदानातला 'अंपायर' आधी 'नंपायर' होता, म्हणजे 'जोडी नसलेला', दोघांच्या भांडणातला तिसरा. बोलता बोलता 'अ नंपायर'चं झालं 'अॅन अंपायर'. 'एप्रन'चाही न असाच गेला, तोही आधी 'नेप्रन'. आणि 'ऑरेंज'? आपल्या 'नारिंगी'चा न युरोपच्या वाटेवर गळाला. 'हॅट-ट्रिक'मध्ये मात्र खरीखुरी हॅट होती. १८५८ मध्ये शेफिल्डला एच. एच. स्टीफन्सननं लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, लोकांनी वर्गणी काढली आणि बक्षीस म्हणून टोपी दिली.

'सून' म्हणजे? सासूबाई, तुमची नव्हे, इंग्रजी 'सून'! हजार वर्षांपूर्वी तिचा अर्थ होता 'लगेच'. 'प्रेझेंटली' म्हणजे लगेच. 'बाय अँड बाय' म्हणजेही लगेच. आणि तिघंही ढिले पडून 'होईल सावकाश' वर आले. 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो' हा आजार साता समुद्रापार आहे, बघा.

जाता जाता घरचा माल. 'डंगरी' म्हणजे मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड. 'मंगूस' म्हणजे आपलं मुंगूस. 'डूलाली' म्हणजे वेडगळ, आणि तो शब्द आहे नाशिकजवळची देवळाली! नोकरी संपलेले गोरे सोल्जर तिथल्या कॅम्पात बोटीची वाट बघत कंटाळून भ्रमिष्टासारखे वागायचे. त्याला म्हणायचे 'डूलाली टॅप'. टॅप म्हणजे नळ नाही, आपला ताप!

आणि शेजारचा जिल्हा? चेंबर्स डिक्शनरीत एस अक्षराखाली बघा. 'सातारा' हा इंग्रजी शब्द आहे, अर्थ आडव्या उठावदार रेघांचं जाड लोकरी कापड. सातारकरांनो, उडवा कॉलर, आणि शिवा तीही त्याच कापडाची!