ड्राईव्ह ट्रिप झाला? रीसेट दाबण्याआधी स्क्रीन वाचा

३१ जुलैला मासेमारी बंदी संपते आणि १ ऑगस्टपासून मालिम, कुटबण, शापोरा, खारीवाडो, सगळीकडे एकदमच बर्फाची मागणी सुरू होते. दोन महिने बंद पडलेला बर्फाचा कारखाना नेमका त्याच वेळी कुरकुरतो. कंप्रेसर सुरू होतो, पॅनेलवर लाल दिवा लागतो, ऑपरेटर रीसेट दाबतो, परत ट्रिप, परत रीसेट. बाहेर ट्रॉलरवाले लाद्यांसाठी उभे असतात, त्यामुळे थांबून बघायला कोणालाच सवड नसते. चौथ्या-पाचव्या रीसेटला मग ड्राईव्हच जळतो.

हल्ली बऱ्याच कारखान्यांत कंप्रेसर, कंडेन्सरचा पंप, कूलिंग टॉवरचा पंखा आणि ब्राईन ढवळणारा अ‍ॅजिटेटर यांना व्हीएफडी म्हणजे ड्राईव्ह बसवलेले आहेत. काम सोपं आहे: येणारी एसी वीज आधी डीसी करायची आणि त्यातून मोटरला हवी तेवढ्या वेगाची एसी परत तयार करायची. ४१५ व्होल्टच्या लाईनवर आतली डीसी साधारण ५६० ते ५९० व्होल्ट असते. मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये ती काही मिनिटं भरलेलीच राहते. ड्राईव्हच्या झाकणावर ५, १० किंवा १५ मिनिटं थांबा असं लिहिलेलं असतं, ते पाळायचंच. नंतर मीटर डीसीवर ठेवून प्लस-मायनस टर्मिनल तपासायचे. टेस्टर पेटत नाही म्हणजे वीज नाही, असं इथे चालत नाही. आणि हे काम वायरमनचंच, खलाशाने मदतीला म्हणून हात घालू नये.

वॉर्निंग आणि फॉल्ट यांतला फरक आपल्याकडे फारसा कोणी बघत नाही. वॉर्निंग आली तरी ड्राईव्ह चालू राहतो, तो फक्त सांगत असतो. फॉल्ट आला की मोटर बंद. आमचा अनुभव असा की बंद पडण्याआधी ड्राईव्हने पुष्कळदा सांगितलेलं असतं, पण वॉर्निंग लिहून ठेवणारा कोणी नसतो. ट्रिप झाल्यावर स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा. मेनूमध्ये जुने फॉल्ट साठवलेले असतात, त्या क्षणीचा करंट आणि व्होल्टेजही बऱ्याच ड्राईव्हमध्ये मिळतं. कोडची अक्षरं कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून पुस्तिका पॅनेलच्या दारातच ठेवावी, ऑफिसच्या कपाटात नको.

ओव्हरकरंट कधी आला ते आधी विचारा. सुरू करताक्षणी आला तर केबल किंवा मोटरमध्ये शॉर्ट, अडकलेला पंप, नाहीतर वेग वाढवायची वेळ फार कमी ठेवलेली. चालता चालता आला तर लोडकडे बघा: बेअरिंग, कंप्रेसर, पट्टा.

ओव्हरव्होल्टेजला लोक लगेच वीज खात्याला शिव्या घालतात. रात्री लाईनचं व्होल्टेज खरोखर चढलेलंही असतं. पण फॉल्ट नेमका मोटर थांबवताना येत असेल तर कारण वेगळं. टॉवरचा जड पंखा आपल्या जोरावर फिरत राहतो, मोटर जनरेटरसारखी वागते आणि वीज उलटी ड्राईव्हमध्ये ढकलते. थांबायची वेळ वाढवली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

अंडरव्होल्टेज किंवा फेज गेल्याचा फॉल्ट आला तर फ्यूज, काँटॅक्टर, सैल टर्मिनल. एक गंमत अशी की कमी लोडवर गेलेला फेज ड्राईव्हला कळतही नाही. कंप्रेसर लोडवर आला की मगच ओरडतो.

आता आपल्या किनाऱ्याचा खरा शत्रू, खारी ओल. बंदीच्या काळात मोटर गार पडते, जून-जुलैची दमट हवा वाईंडिंगमध्ये आणि केबलच्या डब्यात शिरते, मग पहिल्याच दिवशी अर्थ फॉल्ट. अशा वेळी मोटरच्या वायरी ड्राईव्हपासून पूर्ण सोडवून मगच ५०० व्होल्टचा मेगर लावायचा. जोडलेल्या अवस्थेत मेगर मारला तर ड्राईव्ह गेलाच म्हणून समजा. वाचन १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर सुकवा, चालवू नका. काही पॅनेलमध्ये बायपास स्विच असतो. अर्थ फॉल्ट असताना त्यावर टाकून मोटर थेट चालवली की वाईंडिंग जळतं, आणि रिवाईंडिंगचा खर्च शेवटी बर्फाच्या दरातच येतो.

गरम झाल्याचा फॉल्ट आला तर आधी ड्राईव्हचा पंखा आणि फिल्टर बघा. मिठाची पापुद्री आणि धूळ मिळून जाळी बुजते. बरेच ड्राईव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण करंट देतात. पॅनेलचं दार उघडं टाकून टेबलफॅन लावायची युक्ती सगळीकडे दिसते. त्याने खारी हवा थेट कार्डावर जाते.

दोन गोष्टी मात्र कोणी सांगितलं तरी करू नयेत. बर्फ फोडायच्या क्रशरवर ऑटो-रीसेट ठेवू नये. अडकलेली लादी काढायला कोणी हात घालतो आणि मशीन आपोआप सुरू होतं. दुसरं, कंडेन्सरचा पंप किंवा पंखा ट्रिप झाला की अमोनियाचा दाब चढतो आणि हाय प्रेशर कटआऊट कंप्रेसर बंद करतो. तो कटआऊट वायर मारून बायपास करायचा नाही, लाद्यांची कितीही घाई असो.

बंदीच्या ६१ दिवसांत पॅनेलमधला छोटा हीटर चालू ठेवा. वर्षभर पडून असलेल्या स्पेअर ड्राईव्हला मात्र एकदम ४१५ व्होल्ट देऊ नका, त्याचे कपॅसिटर आधी हळूहळू चार्ज करून घ्यावे लागतात. हे काम जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच उरकून घ्या, तेव्हा तंत्रज्ञही मोकळे सापडतात.