अरिष्टात धायटीची फुले कशाला?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात खडकाळ उतारांवर धायटीची झुडपे लालभडक होतात. वूडफोर्डिया या प्रजातीतली ही जात. मेंदी आणि डाळिंब तिच्याच कुळातली. फूल हातात घेऊन पाहावे: लाल नळी दिसते ती पाकळ्यांची नसून निदलपुंजाची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाची असते. पाकळ्या इवल्याशा, नळीच्या तोंडाशी. निदलपुंज गळून पडत नाही, म्हणून फूल वाळले तरी टिकते आणि साठवता येते.

आयुर्वेदात हीच धातकी. कुटजारिष्ट, अशोकारिष्ट अशी अरिष्टे, म्हणजे आंबवलेली औषधे, करताना काढा गाळून त्यात गूळ आणि धायटीची वाळलेली फुले घालतात आणि भांड्याचे तोंड बंद करून ते साधारण महिनाभर ठेवतात. फुलांतील मधुरसावर रानातले यीस्ट वाढलेले असते. ते विरजणासारखे काम करते: गुळातली साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. पाण्यात न उतरणारे वनस्पतींतील काही घटक या मद्यार्कात उतरतात, औषध नासतही नाही. बाहेरून मद्य न मिसळता हे साधणे ही जुन्या वैद्यकाची मोठीच कमाई.

फुलांत टॅनिनही भरपूर असते. ते प्रथिनांना बांधते, आतड्याच्या अस्तराचा स्राव कमी करते. म्हणून अतिसारात आणि रक्तस्रावात धायटी वापरतात. मात्र अरिष्टात मद्यार्क असतो. गर्भवतींनी, मुलांनी आणि यकृताच्या रुग्णांनी ते वैद्यांना विचारूनच घ्यावे.