जीवनाच्या लिपीतील नवी मुळाक्षरे

‘प्रयोगशाळेत जीव निर्माण झाला’ अशा आशयाचे मथळे अधूनमधून वाचनात येतात आणि निर्मात्याचे काम आता माणूस करू लागला काय, असा प्रश्न श्रद्धावंतांच्या मनात उभा राहतो. प्रत्यक्षात काय घडले, हे जाणून घेतल्यावाचून त्याचे उत्तर देणे आम्हांला उचित वाटत नाही.

सजीवांच्या पेशीतील डीएनए ही जणू एक लिपी आहे. तिची अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी. तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द होतात. त्यांपैकी ६१ शब्द २० अमिनो आम्लांचा निर्देश करतात, तर तीन पूर्णविरामाचे काम करतात. या आम्लांच्या माळेतून प्रथिने घडतात. किरकोळ अपवाद वगळता जीवाणूपासून माणसापर्यंत हीच व्यवस्था आहे.

अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या फ्लॉइड रोमस्बर्ग यांच्या गटाने २०१४ साली ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएमध्ये निसर्गात नसलेल्या अक्षरांची एक जोडी टिकवून दाखविली. २०१७ साली ती अक्षरे वाचून जीवाणूने नवे अमिनो आम्ल असलेले प्रथिन तयार केले. केंब्रिज येथील जेसन चिन यांच्या गटाचा मार्ग निराळा होता. त्यांनी २०१९ साली त्याच जीवाणूचा सुमारे ४० लाख अक्षरांचा डीएनए नव्याने रचला आणि तीन समानार्थी शब्द वगळले. २०२१ साली त्या मोकळ्या शब्दांना नवे अर्थ देण्यात आले. विषाणूची आज्ञा नीट वाचता येत नसल्यामुळे असा जीवाणू अनेक विषाणूंना दाद देत नाही. अशा नव्या घटकांतून गुणकारी औषधे घडविता येतील, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे.

येथे शून्यातून काहीच निर्माण झालेले नाही, हे ध्यानात घ्यावे. जीवाणू आधीच जिवंत होता. रोमस्बर्ग यांच्या जीवाणूला तर नवी अक्षरे बाहेरून पुरवावी लागत. पुरवठा थांबला की ती डीएनएतून नाहीशी होत. माणसाने लिपी शिकून तीत भर घातली. लिपी त्याला आयतीच लाभली होती.

तरीही सावधगिरी हवीच. आपल्या प्रथिनांतील अमिनो आम्ले ‘डावी’ असतात. ती ‘उजवी’ घेऊन, आरशातील प्रतिबिंबासारखे सर्वच घटक उलटे असलेला जीवाणू घडविण्याची कल्पना पुढे आली आहे. असा जीवाणू आपल्या रोगप्रतिकारशक्तीला ओळखताच न येण्याची भीती आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात इशारा दिला की, तो धोकादायक नाही असा सबळ पुरावा मिळाल्याखेरीज तो घडवू नये. त्यांच्यापैकी काहीजण स्वतः याच दिशेने संशोधन करीत होते, हे विशेष.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जनुकीय बदलांविषयी सरसकट निवाडा देण्याचे टाळून व्यापक व जबाबदार चर्चेचे आवाहन केले होते. आम्हांला तोच मार्ग योग्य वाटतो. बुद्धी हे दान आहे, तसा संयम हेही दानच आहे. स्वतःचे काम स्वतःहून थांबविणाऱ्या त्या शास्त्रज्ञांच्या ठायी ही दोन्ही दाने एकत्र दिसतात.